नानांचा धुरकट किल्ला

"नाना, हा कॅमेरा आपला आपण फोकस करतो. आता ताईला त्रास द्यायची गरजच नाही."

मिनू हे म्हणाली तेव्हा मी नानांच्या शेजारी, त्यांचा जुना कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते. छप्पर वर उचललेली पांढरी व्हॅन, भोवती आफ्रिकेतल्या त्सावोचं लाल माळरान आणि समोर हत्तींचा कळप. तिथली माती अंगावर उडवून उडवून हत्तीसुद्धा विटेच्या रंगाचे झालेले. जन्मात पुन्हा दिसणार नाही असं दृश्य, पण माझं लक्ष हत्तींकडे नव्हतं. मी मिनूचे हात बघत होते. तिनं आपल्या गळ्यातला जाडजूड काळा कॅमेरा काढला आणि सत्कारात हार घालतात तसा नानांच्या गळ्यात घातला.

त्रास म्हणे! मी कधी म्हटलं होतं त्रास होतो म्हणून?

आणि आपला आपण फोकस करतो हेही काही खरं नव्हतं. सकाळीच गवतात बसलेल्या सिंहिणीवर तो अडून बसला होता. झुईं झुईं करत लेन्स पुढेमागे व्हायची, आणि फोकस बसायचा तो पुढच्या गवतावर. शेवटी मिनूनं वैतागून लेन्सच्या कडेचं बटण सरकवलं आणि हातानं रिंग फिरवून कसाबसा फोटो घेतला. पण ते सांगायला गेले असते तर ताईला मेलीला काही बघवत नाही असं झालं असतं. म्हणून मी मांडीवरच्या जुन्या कॅमेऱ्याची धूळ पदरानं पुसत राहिले.

नाना मात्र हरखले होते. सत्तरी उलटलेला माणूस, पण व्हॅनच्या छपरातून डोकं वर काढून शाळकरी पोरासारखा उभा राहिला. डावा हात लेन्सखाली, उजवा बटणावर. खटाखट फोटो घेत होते. मी खालून त्यांच्या धोतराचा सोगा बघत होते, कारण मला दुसरं काही कामच उरलं नव्हतं.

आता हे काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर माझा जळफळाट तुम्हाला उगाचचा वाटेल.

मुरुडला बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ. चौबळांचा स्टुडिओ म्हटलं की रेवदंड्यापर्यंत लोक ओळखायचे. नानांनी तो एकट्यानं उभा केला. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो हे पोटासाठी, आणि जंजिरा हा जिवासाठी. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसायचं आणि समुद्रातून किल्ल्याचे फोटो काढायचे. सगळ्या ऋतूंत, सगळ्या उजेडांत. त्या किल्ल्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेकडचे, आमच्या मुलखाला जुने लोक हबसाणच म्हणायचे. नाना म्हणायचे, आयुष्य हबसाणात गेलं, पण ही माणसं जिथून आली तो किनारा काही पाहिला नाही. पलीकडे पण असाच एखादा किल्ला समुद्रात पाय सोडून बसला असेल, त्याचा एक फोटो काढला की आपण सुटलो.

मी त्यांची थोरली, इंदुमती. लग्न होऊन पेणला गेले आणि दोनेक वर्षांत परत आले. का आले ते सगळ्या मुरुडला ठाऊक आहे, ते इथे उगाळत नाही. नवऱ्याचं दुसरं बिऱ्हाड आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, एवढं पुरे.

परत आले ती माजघरात जाऊन बसले. भाजी निवडायची, तांदूळ निवडायचे, कुणी आलं की आत उठून जायचं. बोलणं बंद. आईनं सगळे उपाय केले. देवाला गाऱ्हाणं घातलं, दृष्ट काढली, रागावून पाहिलं. मी आपली सूप पुढ्यात घेऊन गप्प. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं त्याच वर्षी नानांची नजर अधू झाली.

एक दिवस ते दुकानातून दुपारचे घरी आले आणि माझ्यापाशी खाली बसले. "इंदे, उद्यापासून दुकानात ये. मला फोकस दिसेनासा झालाय. दोन तुकडे जुळतच नाहीत."

आमच्या कॅमेऱ्यात डोळा लावला की मध्ये एक गोल दिसायचा, त्याचे दोन तुकडे. समोरची वस्तू त्या गोलात चिरल्यासारखी दिसते. रिंग फिरवत जायचं, चीर जुळली की फोकस बसला. नाना म्हणाले, बाकी सगळं दिसतं, पण ती चीर दिसत नाही. आता बापाचा धंदाच बसायची वेळ आल्यावर मी माजघरात किती दिवस बसणार? दुसऱ्या दिवशी पदर खोचला आणि गेले.

तेव्हापासून आमची रीत ठरून गेली. मी कॅमेऱ्याला डोळा लावायचा, रिंग फिरवायची, "बसला" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. मग नाना वाकणार, एकदा बघणार आणि बटण दाबणार. मी लावलेल्या फोकसला त्यांनी कधी हात लावला नाही. लग्नात अंतरपाट खाली यायच्या क्षणीसुद्धा मी "बसला" म्हणेपर्यंत ते थांबत. भटजी चिडायचे, वरमाया चिडायच्या, पण आम्ही दोघं कुणाला जुमानत नव्हतो. हळूहळू लोक म्हणायला लागले, चौबळांच्या इंदूशिवाय फोटो निघत नाही. हे वाक्य मी किती वेळा मनात घोळवलं असेल ते माझं मला माहीत. अलिबागच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणून मी त्यांच्या मागे लागायची, तर ते म्हणायचे, डॉक्टर काय स्वतःचे डोळे काढून देणार आहे? तू आहेस ना.

तू आहेस ना. मला तेवढं पुरत होतं.

आणि मिनू, म्हणजे मृणाल, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटी. गोरी, बोलकी, नशिबाची. तिला श्रीरंगासारखा नवरा मिळाला, सिमेंटच्या कारखान्यातला इंजिनियर, तो तिला घेऊन मोंबासाला गेला. तिथे बाईसाहेबांना फोटोचा नाद लागला. दीपगृहांचे, गलबतांचे, सिंहांचे, जिराफांचे फोटो काढायची आणि मोठे करून नानांना पाठवायची. दुकानाच्या दर्शनी काचेत मधोमध मी हातानं रंगवलेला एका नवरीचा फोटो होता. मिनूचा सिंह आला आणि नानांनी नवरी बाजूला सरकवून तिथे सिंह लावला. मुरुडची पोरं काचेला नाकं लावून तो सिंह बघायची. मी आत बसून पासपोर्ट फोटो कापत असायची. तो सिंह चांगलाच होता, हे मी आज म्हणते. तेव्हा मला वाटायचं की जांभई देणाऱ्या जनावराचा फोटो काढायला अक्कल कसली लागते?

आई गेल्यावर श्रीरंगानं दोन तिकिटं पाठवली, नानांचं आणि माझं. नाना मला म्हणाले, तो किनारा राहिलाय तेवढा बघून घेऊ. असे आम्ही आफ्रिकेत आलो, आणि त्सावोच्या माळावर माझी नोकरी गेली.

दिवसभर नाना त्या कॅमेऱ्याला चिकटून होते. मध्येच ते बोट दाखवून म्हणाले, त्या काटेरी झाडाखाली काहीतरी हललं. आमचा ड्रायव्हर जुमा यानं दुर्बीण लावली, तर खरंच तिथे सिंहीण आणि तिची दोन पिल्लं. मिनू म्हणाली, नानांचं नशीबच जोरदार. मी म्हटलं, हो ना. मनात म्हटलं, नशीब तुझं, मला इथवर बोलावून माझंच काम काढून घेतेस आणि वर मला सुट्टी दिल्याचा आव आणतेस.

दुपारी झाडाच्या सावलीत डबे उघडले तेव्हा मी नानांना म्हटलं, आता आपल्या कॅमेऱ्यावर एक काढूया का? मी लावते फोकस. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मिनूकडे. मिनू लगेच म्हणाली, अगं ताई, असू दे ना, मजा करू दे त्यांना, तू जरा निवांत बस. नानांनी पुरीचा घास घेतला. मला ती पुरी त्यांच्या हातातून काढून घ्यावीशी वाटली, इतकी मी चिडले होते.

संध्याकाळी ऊन कलताना आम्ही मुक्कामाच्या जागी आलो. मिनू अंघोळीला गेली, नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले. दोन्ही कॅमेरे धुळीनं माखलेले. ब्रशनं कॅमेरे साफ करणं हे माझं नेहमीचं काम, ते अजून कुणी काढून घेतलं नव्हतं. मिनूच्या लेन्सची कड साफ करताना मला ते बटण दिसलं. ए म्हणजे आपोआप, एम म्हणजे हातानं. बटण एमवर होतं.

मला क्षणभर कळेना. मग सकाळची सिंहीण आठवली. मिनूनं बटण हातावर आणलं होतं आणि परत मागे नेलंच नव्हतं. कॅमेरा नानांच्या गळ्यात गेला तो तसाच. म्हणजे दिवसभर कॅमेऱ्यानं आपला आपण काहीही केलं नव्हतं. रोल तर केव्हाच संपून डबीत गेला होता.

काय सांगू, मला इतका आनंद झाला की मी ब्रश हातात धरून हसले. सगळे हत्ती भुतासारखे धुरकट येणार. सिंहीण की उंदीर ते कळणार नाही. मग मिनू तोंड एवढंसं करून म्हणेल, असं कसं झालं, आणि मी शांतपणे बटणावर बोट ठेवीन. नानांचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्यांना कळायला हवं होतं की यंत्र ते यंत्र, शेवटी इंदूच लागते. मी कॅमेरा पुसून, बटण तसंच ठेवून, पिशवीत घातला आणि त्या दिवशी आफ्रिकेत आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले.

मोंबासाला परत आल्यावर एका गुजराती माणसाच्या लॅबमध्ये रोल धुवायला दिले. दोन दिवसांनी श्रीरंग येताना पाकीट घेऊन आला. आम्ही जेवायला बसलो होतो. मिनूनं भाकरी बाजूला सारून, हात पुसून पाकीट उघडलं. मी मुद्दाम वर बघितलं नाही. आता तोंड पडेल, मग पडेल, म्हणून वाट बघत राहिले.

"ताई! बघितलंस?"

तिनं फोटो माझ्या ताटाशेजारी मांडले. हत्तीचं पिल्लू आईच्या पायांतून बघत होतं, आणि त्याच्या पापण्यांवरची लाल धूळ वेगळी वेगळी दिसत होती. दुसऱ्या फोटोत हत्तिणीच्या कानाच्या शिरा. तिसऱ्यात काटेरी झाडाखालची सिंहीण, मध्ये एवढं गवत असून तिच्या मिशांची मुळं मोजावीत. सगळा रोल असाच. सुईच्या टोकासारखा.

मिनू आनंदानं फुलली होती. "कॅमेराच सगळं करतो बघ. नानांना आता कुणाच्या डोळ्यांची गरज नाही."

मी तोंड उघडलं. बटण, अगं, बटण तर, एवढं माझ्या जिभेवर आलं होतं. आणि तिथेच मला जे कळलं ते कळलं. बटण हातावर होतं. कॅमेऱ्यानं काही केलं नव्हतं. त्या कॅमेऱ्यात गोलही नव्हता आणि दोन तुकडेही नव्हते, नुसत्या नजरेवर ठरवायचं होतं. मग हलत्या हत्तीच्या पापण्यांवर फोकस लावला कुणी?

मी नानांकडे पाहिलं. ते मान खाली घालून जेवत होते. मिनूनं कसलासा काटेरी मासा तळला होता, आम्ही सगळे चाचपडत खात होतो. नाना केसासारखा एक एक काटा चिमटीत धरून ताटाच्या कडेला लावत होते, ओळीनं. त्यांच्या घशात आयुष्यात कधी काटा अडकला नाही. हे मी वर्षानुवर्षं बघत आले होते.

"काय गं, काय म्हणत होतीस?" मिनूनं विचारलं.

"काही नाही. छान आलेत," मी म्हटलं.

तिच्या कॅमेऱ्याचा टेंभा मी एका वाक्यात विझवू शकत होते. पण ते वाक्य बोलले असते तर सगळ्यांना कळलं असतं की नानांना दिसतं. आणि नानांना दिसतं म्हणजे मग मी कोण होते इतकी वर्षं? मिनूला तिचा विजय देऊन मी ताट उचललं.

दुपारी सगळे लवंडले. मी मिनूच्या घराच्या मागच्या ओट्यावर नारळाच्या सावलीत बसले, आणि एकेक आठवायला लागलं. लांबचं दिसतं, जवळचं दिसतं, फक्त फोकस दिसत नाही, असला आजार कुठल्या डॉक्टरनं ऐकलाय? म्हणून अलिबागला जायचं नाही. आणि जंजिरा! किल्ल्याला कसला आलाय फोकस? लांबची वस्तू, रिंग पार टोकाला नेऊन ठेवली की काम झालं, आंधळासुद्धा लावील. तरी नाना होडीत माझ्या हातात कॅमेरा द्यायचे, इंदे, फोकस लाव म्हणायचे, आणि मी मोठ्या ऐटीत डोळा लावून "बसला" म्हणायची. मुरुडच्या किती नवऱ्यामुलींना मी थांबवून ठेवलं होतं. चौबळांच्या इंदूशिवाय फोटो निघत नाही म्हणे. लोकांना हसू येत असेल.

मला रडू आलं नाही, राग आला. माजघरात बसलेल्या पोरीला काहीतरी काम द्यायचं म्हणून बापानं डोळे गेल्याचं सोंग काढलं. मिनूला कुणी असं काही दिलं नव्हतं, तिला गरजच पडली नव्हती. तिचा सिंह काचेत लागला तो चांगला होता म्हणून. आणि माझा फोकस? तो दयेचा. इतकी वर्षं मी मिनूच्या गोऱ्या रंगावर, नवऱ्यावर, सिंहावर जळत आले, पण त्या दुपारइतकी कधी जळले नाही. ठरवलं, बघूच हे सोंग कुठवर रेटतात ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यावर जायचं होतं. मोंबासाचा तो पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला, नानांचा पलीकडचा किनारा. मिनूनं त्यांना समजावून सांगितलं होतं की सिद्दी इथले नव्हेत, ते पार वरच्या अंगाचे. नाना म्हणाले, समुद्र एकच आहे ना, मग झालं. त्यांना फोटो समुद्रातूनच हवा होता, जंजिऱ्यासारखा. मिनूला लहानपणापासून होडी लागते. मुरुडची पोर आणि होडीत बसली की उलट्या, आम्ही तिला यावरून किती चिडवायचो. ती काठावर थांबली. म्हणाली, नाना, माझा कॅमेरा न्या.

नाना म्हणाले, "नको. किल्ला आमच्या कॅमेऱ्यावर."

एरवी हे ऐकून मी मोहरले असते. त्या दिवशी मला वाटलं, बघा, सोंग चालू झालं.

होडीवाल्यानं जरा बाहेर नेऊन होडी थांबवली. सकाळचं ऊन थेट तटावर. जंजिरा काळा, हा पिवळट गुलाबी, पण पाण्यात उतरलेले बुरूज तसेच. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तरुणपणापासून ज्याच्या गोष्टी सांगत होते तो किनारा समोर होता, आणि पुन्हा इथे यायचं वय नव्हतं. मग त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून माझ्यापुढे धरला.

"इंदे, फोकस लाव."

मी डोळा लावला. किल्ला गोलात आला. रिंग टोकाला नेली, चीर जुळली, तटाचा दगडन् दगड स्वच्छ झाला. मग मी रिंग उलटी फिरवली. चांगला पाव वेढा. बुरूज विरघळले, तट आणि आभाळ एकमेकांत मिसळलं. दिसणाऱ्या माणसाला हे न दिसणं शक्यच नव्हतं. आता बोला म्हणावं. आता म्हणा, इंदे, अगं हे काय लावलंयस.

"बसला," मी म्हटलं.

नानांनी कॅमेरा घेतला आणि डोळा लावला. मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. बोटं रिंगवर आली. आली आणि थांबली. होडी हलकेच वरखाली होत होती. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण ओठ मिटलेले दिसत होते. किती वेळ ते तसे बसले कोण जाणे. मग बोटं रिंगवरून उठली, खाली आली, कॅमेऱ्याच्या बुडाशी टेकली, आणि त्यांनी बटण दाबलं.

मी घाईघाईनं म्हटलं, "नाना, थांबा. होडी हलली बहुतेक. परत एक घेऊया, द्या इकडे."

"कशाला?" ते लेन्सवर झाकण बसवत म्हणाले. "तू बसला म्हणालीस ना?"

मी पुन्हा म्हटलं, एकच घेऊया, इतक्या लांब आलोत. त्यांनी मान हलवली, कॅमेरा गळ्यात घातला आणि होडीवाल्याला काठाकडे हात केला. किल्ल्याकडे बघत म्हणाले, छान झाला, मनासारखा झाला. मी वाकून समुद्राचं पाणी तोंडावर मारून घेतलं. काठावर मिनू म्हणाली, ताई, तू पण उलट्या केल्यास वाटतं. म्हटलं, हो.

मुरुडला आल्यावर तो फोटो धुऊन निघाला. किल्ला कसला, दुधात बुडालेल्या बिस्किटासारखं काहीतरी. मी तो टाकून द्यायला निघाले होते. नानांनी हातातून काढून घेतला, मोठा करून आणायला सांगितला, आणि दर्शनी काचेतला सिंह बाजूला सरकवून मधोमध लावला. गिऱ्हाइकं विचारायची, चौबळ, हा एवढा धुरकट कसा? नाना म्हणायचे, तिकडची हवाच तशी.

त्यांना मी कधी विचारलं नाही. तेही कधी बोलले नाहीत. मी फोकस लावत राहिले, "बसला" म्हणत राहिले, मात्र त्यानंतर प्रत्येक फोकस जीव ओतून लावला. शेवटच्या आजारपणात अलिबागहून डॉक्टर आले होते, त्यांनी सहज डोळे तपासले. म्हणाले, या वयात इतकी चांगली नजर आम्ही फार कमी बघतो. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकी लावायला उठले.

स्टुडिओ आता मीच चालवते. रोल गेले, चीर गेली, सगळे कॅमेरे आपले आपण फोकस करतात. तो फोटो अजून काचेत आहे, उन्हानं थोडा पिवळा पडलाय.

मागच्या आठवड्यात मिनूचा फोन आला होता. म्हणाली, ताई, नानांचा तो किल्ल्याचा फोटो स्कॅन करून पाठव, आता कॉम्प्युटरवर धुरकट फोटो लख्ख करून मिळतात, मी करून घेते.

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं.

ती चिडली. म्हणाली, पहिल्यापासून तुझं हे असंच, नानांनी माझ्या कॅमेऱ्यावर इतके सुंदर हत्ती काढले तेव्हाही तुझं तोंड वाकडं होतं. तुला माझ्या कॅमेऱ्याचं कधी बघवलंच नाही.

"हो बाई," मी म्हटलं, "नाही बघवलं."